कायद्याला धरून : अँथनी बर्न्स प्रकरण, बोस्टन १८५४

अँथनी बर्न्स हा पळालेला गुलाम सापडला तो स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पत्रामुळे. वय जेमतेम वीस. व्हर्जिनियातल्या रिचमंडहून जहाजात लपून तो बोस्टनला पोचला आणि ब्रॅटल स्ट्रीटवरच्या कॉफिन पिट्स नावाच्या कृष्णवर्णीय व्यापाऱ्याच्या कपड्यांच्या दुकानात कामाला लागला. मागे राहिलेल्या भावाला खुशाली कळवावी म्हणून त्याने पत्र लिहिलं. ते कॅनडामार्गे धाडलं, म्हणजे माग लागणार नाही अशी त्याची समजूत. पण पत्राच्या डोक्यावर मात्र गावाचं नाव घातलं : बोस्टन. गुलामाला आलेलं पत्र आधी मालकाच्या हातात पडायचं, तसंच हेही पडलं. मालक चार्ल्स सटल निघाला, सोबत विल्यम ब्रेंट नावाचा माणूस घेतला (बर्न्सला रिचमंडमध्ये भाड्याने कामाला लावायचं काम याच्याकडे होतं), आणि दोघे बोस्टनला येऊन थडकले.

२४ मे १८५४, बुधवार. दुकान बंद करून बर्न्स रस्त्याने चालला असताना खांद्यावर हात पडला. तू सोनाराचं दुकान फोडलंस, चल. चोरी केलेलीच नव्हती, त्यामुळे तो निमूट गेला. कोर्टाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेल्यावर सोनार काही आला नाही, आला सटल. त्याने टोपी काढून खोचकपणे वाकून विचारलं, ‘‘कसे आहात, मिस्टर बर्न्स?’’ बर्न्सच्या तोंडून सवयीने उत्तर गेलं, ‘‘मास्टर चार्ल्स, तुम्ही कसे आहात?’’ मी तुला कधी फटके मारले का, असंही सटलने विचारलं. बर्न्स नाही म्हणाला. या दोन-तीन वाक्यांचं पुढे कोर्टात काय झालं, तो या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी कायदा बघू. पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा, हे अमेरिकेच्या राज्यघटनेतच होतं, पण गुलामगिरी बंद केलेली उत्तरेकडची राज्यं त्यात चालढकल करत. १८५० मध्ये दक्षिण आणि उत्तर यांच्यात जी मोठी तडजोड झाली, तिचा भाग म्हणून नवा कडक कायदा आला. राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी १८ सप्टेंबरला त्यावर सही केली. ज्युरी नाही. ज्याला पकडलं त्याची साक्ष घ्यायची नाही. निकाल देणार केंद्राने नेमलेला कमिशनर. माणूस मालकाला दिला तर कमिशनरची फी दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं या फरकाचं समर्थन होतं. पळालेल्याला मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

हा कायदा मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बोस्टन ज्या राज्यात आहे त्याच्या, गळी उतरवला तो तिथल्याच सर्वांत मोठ्या नेत्याने. डॅनियल वेबस्टर म्हणजे त्या राज्याचं दैवत, सिनेटमधला सर्वांत दमदार आवाज. ७ मार्च १८५० च्या भाषणात त्यांनी तडजोडीच्या बाजूने कौल दिला आणि पळालेल्यांना परत करणं हे उत्तरेचं कर्तव्य आहे असं बजावलं. संघराज्य टिकलं पाहिजे, पूर्वजांनी घातलेली घडी मोडता कामा नये, बाकी सगळं त्यानंतर. व्यापारी मंडळींनी टाळ्या वाजवल्या, कारण बोस्टनच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या. इमर्सनसारखा शांत विचारवंत मात्र असा खवळला की हा घाणेरडा कायदा एकोणिसाव्या शतकात, लिहिता-वाचता येणाऱ्या लोकांनी केला आहे, असं त्याने रोजनिशीत लिहिलं आणि मी तो पाळणार नाही अशी शपथही घेतली. पण असे लोक थोडे. बहुतेक प्रतिष्ठित बोस्टनकरांना गुलामगिरी वाईट वाटायची आणि तिच्याविरुद्ध बोलणारे त्याहून वाईट वाटायचे.

बर्न्सच्या आधी दोन प्रकरणं होऊन गेली होती. फेब्रुवारी १८५१ मध्ये शॅड्रॅक मिन्किन्सला कृष्णवर्णीय बोस्टनकरांनी भर कोर्टातून उचलून नेलं आणि तो कॅनडात सुखरूप पोचला. त्यामुळे एप्रिलमध्ये थॉमस सिम्सच्या वेळी सरकारने कोर्टाच्या इमारतीभोवती साखळदंड बांधले. राज्याचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनाही आपल्याच कोर्टात शिरताना त्या साखळीखालून वाकून जावं लागलं. शॉ गुलामगिरीचे विरोधक होते, तरी त्यांनी सिम्सच्या सुटकेचा अर्ज फेटाळला. त्यांचे जावई म्हणजे कादंबरीकार हर्मन मेलव्हिल. निरपराध वाटणाऱ्या खलाशाला नियमाबरहुकूम फासावर चढवणारा कप्तान मेलव्हिलने पुढे उतारवयात रंगवला. त्यामागे सासऱ्याची सावली आहे, असं काही समीक्षक म्हणतात. मला ते पटतं, पण सिद्ध करता येणार नाही.

बर्न्सचं प्रकरण गेलं एडवर्ड ग्रीली लॉरिंग यांच्यापुढे. ते कमिशनर तर होतेच, शिवाय राज्याच्या वारसा-न्यायालयाचे न्यायाधीश आणि हार्वर्डच्या कायदा विद्यालयात व्याख्याते. या गृहस्थांना खलनायक करणं सोपं आहे, आणि त्या वेळी बोस्टनने ते केलंही. पण नोंदी वाचताना दिसतो तो एक सभ्य, मवाळ माणूस. २५ मेच्या सकाळी बर्न्स बेड्यांसकट भेदरून बसला होता. एका गालावर डाग, उजव्या हाताचं हाड मोडून वर आलेलं, दोन्ही बाजूंना पहारेकरी. रिचर्ड हेन्री डेना हे वकील बातमी कळताच धावत आले आणि फुकट वकीलपत्र घ्यायला तयार झाले. बर्न्स म्हणाला, काही उपयोग नाही, ते मला ओळखतील, नेतील, आणि मी विरोध केला तर तिकडे माझे जास्त हाल होतील. लॉरिंगनी त्याला जवळ बोलावून हळुवारपणे विचारलं, अँथनी, तुला बचाव करायचा आहे का, विचार करायला एक-दोन दिवस हवेत का? बर्न्स हो म्हणाला. पुढचं जे काही घडलं ते या मुदतीमुळे. लॉरिंगनी ती दिली नसती तर बर्न्स त्याच दिवशी जहाजावर चढला असता.

शुक्रवारी, २६ तारखेला, रात्री फॅन्युअल हॉलमध्ये प्रचंड सभा भरली. वेंडेल फिलिप्स, थिओडोर पार्कर या गुलामगिरीविरोधी वक्त्यांची भाषणं चालू होती, आणि तिकडे कोर्टाशी टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हा पाद्री आणि लुइस हेडन हा स्वतः केंटकीतून पळून आलेला कृष्णवर्णीय व्यापारी काही लोकांसह दबा धरून होते. बेत असा, की सभेत आरोळी उठवायची आणि गर्दी कोर्टावर आणायची. बेत फसला. व्यासपीठावरच्यांना गर्दीतून बाहेरच पडता आलं नाही. इकडे लाकडी तुळईने दार फोडून हिगिन्सन आत घुसला, हनुवटीवर वार घेऊन परतला. झटापटीत जेम्स बॅचेल्डर नावाचा पहारेकरी मेला. पेशाने गाडीवान, मार्शलने (केंद्राच्या कोर्टाचा अंमलदार) रोजावर ठेवलेला. त्याच्या मृत्यूने सरकारला हवं ते निमित्त मिळालं. सैन्य आलं.

वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांची मार्शलला तार : तुमचं वर्तन मान्य आहे, कायद्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. सरकारी वकील बेंजामिन हॅलेट यांना दुसरी तार : लागेल तो खर्च करा. पिअर्स न्यू हॅम्पशायरचे, म्हणजे उत्तरेचेच. त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, त्यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली आणि १८२० पासून गुलामगिरीला उत्तरेत घातलेली सीमा पुसून टाकली. दक्षिणेला आपण दिलेला शब्द पाळतो हे दाखवायला त्यांना बोस्टनसारखी जागा हवी होती.

आता या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा तुकडा. ट्वेल्फ्थ बॅप्टिस्ट चर्चचे कृष्णवर्णीय पाद्री लेनर्ड ग्राइम्स यांनी बर्न्सला विकत घेऊन सोडवायचं ठरवलं. सटल बाराशे डॉलरला तयार झाला. ग्राइम्स शनिवारी दिवसभर शहरभर फिरले आणि रात्रीपर्यंत रक्कम जमवली. खरेदीखताचा मसुदा खुद्द लॉरिंगनी करून दिला, त्यांनाही हा काटा परस्पर निघायला हवा होता. तेवढ्यात हॅलेट आडवे आले. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याप्रमाणे या राज्यात माणसाची विक्री करता येत नाही! ज्याच्यावर गुलाम म्हणून खटला चालू आहे त्याला सोडवण्यासाठी विकत घेणं बेकायदा, आणि बेड्या घालून व्हर्जिनियाला पोचवणं कायदेशीर. घोळ होता होता रात्रीचे बारा वाजले, रविवार लागला, आणि रविवारी व्यवहार होत नाहीत. सोमवारी सटलचा सूर बदलला होता.

सुनावणीत डेना यांनी केस खरोखर मजबूत उभी केली. ब्रेंट शपथेवर म्हणाला होता की, २० मार्चला बर्न्सला मी रिचमंडमध्ये पाहिलं. डेनांनी एकामागून एक असे साक्षीदार आणले ज्यांनी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच त्याला साउथ बोस्टनमधल्या कारखान्यात खिडक्या धुताना पाहिलं होतं. त्यात मजूर होता तसा शहराच्या कौन्सिलवरचा एक प्रतिष्ठित गोरा माणूसही होता, आणि त्याला गालावरचा डाग आणि तो हात चांगला आठवत होता. म्हणजे एकतर ब्रेंट चुकतोय, नाहीतर रिचमंडहून पळालेला माणूस हा नव्हेच. कुठल्याही साध्या फौजदारी खटल्यात एवढ्यावर आरोपी सुटला असता.

२ जूनला लॉरिंगनी निकाल वाचला. व्हर्जिनियाच्या न्यायालयाचा दाखला समोर आहे. कायद्यानुसार त्यातली गुलामीची आणि पलायनाची बाब अंतिम मानायची, मला ठरवायची ती फक्त ओळख. तारखांबाबत साक्षी परस्परविरुद्ध आहेत. मग ओळख कशावरून? दाखल्यातल्या वर्णनावरून, आणि त्या रात्रीच्या दोन-तीन वाक्यांवरून. बर्न्सने मालकाला मास्टर चार्ल्स म्हटलं, म्हणजे तो बर्न्स. पण पकडलेल्याची साक्ष चालणार नाही असं हाच कायदा सांगतो, हे डेनांनी आधीच ठासून मांडलं होतं. लॉरिंगचं उत्तर : ही साक्ष नव्हे, ही कबुली आहे. बाजूने बोलायला ज्याला तोंड नाही असं कायद्याने ठरवलं, त्याच्या तोंडचे शब्द विरुद्ध वापरायला मात्र हरकत नाही.

निकालात त्यांनी आपला खासगी कल लपवलेला नाही. कायदा निष्ठुर आणि दुष्ट म्हणतात, पण तो घटनेला धरून आहे का हाच माझ्यापुढचा प्रश्न, असा एकंदर सूर. याच जागेवर माझा लॉरिंगवरचा आक्षेप आहे, आणि तो कायदा मोडला नाही म्हणून नाही. कायद्याच्या चौकटीतच दार उघडं होतं. पुरावा डळमळीत आहे, ओळख पटली नाही, एवढं म्हणायला कुठलीही बंडखोरी लागत नव्हती. त्यांनी प्रत्येक शंकेचा फायदा सटलला दिला आणि मग म्हटलं की माझे हात बांधलेले आहेत. हात बांधलेले असण्याची ही भाषा या प्रकरणात सगळीकडे भेटते. मेयर म्हणतात, मी फक्त शांतता राखतोय. सैनिक म्हणतात, मेयरचा हुकूम. राष्ट्राध्यक्ष म्हणतात, घटना. आणि घटना ज्यांनी लिहिली ते सगळे केव्हाच वारले होते. विचारायचं कोणाला?

एकाने मात्र त्या सकाळी वेगळं केलं. जोसेफ हेज नावाच्या पोलीस कॅप्टनला मिरवणुकीचा रस्ता मोकळा करायचा हुकूम आला. या कायद्याच्या अंमलबजावणीत माझा हात नको, असं लिहून त्याने राजीनामा दिला. कमिशनरलाही राजीनामा देता येत होता.

दुपारी बर्न्सला बाहेर काढलं. कोर्टापासून धक्क्यापर्यंत अर्ध्या तासाचीही वाट नाही. दोन्ही बाजूंना दीड-दोन हजार सैनिक, भरलेल्या बंदुका, एक तोफ, मधोमध भाडोत्री पहारेकऱ्यांच्या उघड्या तलवारी आणि त्यांच्यात नवा कोट घातलेला एक माणूस. रस्त्यावर पन्नास हजारांच्या आसपास लोक, ‘शेम, शेम’ ओरडणारे. वकिलांनी आपल्या ऑफिसांच्या खिडक्यांना काळं कापड लावलं होतं, झेंडे उलटे टांगले होते, स्टेट स्ट्रीटवर एक शवपेटी लोंबत होती आणि तिच्यावर लिहिलं होतं : स्वातंत्र्य. हाच तो रस्ता जिथे १७७० मध्ये ब्रिटिश शिपायांच्या गोळीबारात क्रिस्पस अटक्स पडला होता, कृष्णवर्णीयच. एका माणसाला परत पोचवायला सरकारला चाळीस हजार डॉलरच्या घरात खर्च आला असा अंदाज सांगतात.

एमॉस लॉरेन्स हे गिरणीमालक, पक्के परंपरावादी, वेबस्टरच्या तडजोडीचे समर्थक. त्यांनी लिहिलं की आम्ही रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे तडजोडवादी म्हणून, आणि जागे झालो ते गुलामगिरीविरुद्ध पार वेडे होऊन. पुढे कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी वसाहती उभारायला त्यांनी पैसा ओतला. तिथल्या एका शहराला त्यांचंच नाव आहे. पण या वाक्यातला प्रामाणिकपणा मला जेवढा आवडतो तेवढाच टोचतो. बर्न्ससारखे लाखो दक्षिणेत राबत होते ते त्यांना माहीतच होतं, कापूस तिथूनच येत होता. जाग आली ती मिरवणूक आपल्या ऑफिसखालून गेली तेव्हा.

हे त्या वेळी सर्वांत स्वच्छ दिसलं लेखक थोरोला. ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, फ्रेमिंगहॅमच्या सभेत गॅरिसन या गुलामगिरीविरोधी संपादकाने लॉरिंगचा निकाल, १८५० चा कायदा आणि शेवटी राज्यघटनेची प्रत जाळली. थोरोही त्याच सभेत बोलला. सुरुवातच अशी, की मी नुकताच आमच्या गावच्या सभेला गेलो होतो. वाटलं होतं मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामगिरीवर बोलणार, तर गाव जमला होता नेब्रास्काचं काय होणार याची चिंता करायला. हजार मैलांवरचा अन्याय तावातावाने चर्चेला घेता येतो. आपल्या कोर्टातला, आपल्या शेजाऱ्याने केलेला, अवघड. सटल नावाच्या माणसाच्या दिमतीला सगळं लष्कर लागलं, पण राज्यातला एक माणूस पळवून नेला जात असताना वाचवायला एकही शिपाई नव्हता, हेही त्याने सुनावलं. कायदा माणसांना कधी मुक्त करणार नाही, माणसांनीच कायद्याला मुक्त करायला हवं, हे त्याचं वाक्य याच भाषणातलं.

व्हिटमनने तीच मिरवणूक कवितेत आणली. त्याच्या कवितेत क्रांतियुद्धातल्या जुन्या सैनिकांची भुतं कुबड्या टेकत बघायला येतात, नातवंडांचे कडक इस्त्रीचे कपडे आणि शिस्त पाहून थरथरत माघारी जातात. मग कवी मेयरना सुचवतो : इंग्लंडला माणसं पाठवा, राजा जॉर्जची हाडं उकरून आणा, जुळवा आणि डोक्यावर मुकुट ठेवा.

उलट बाजूला नॅथॅनियल हॉथॉर्न. ज्याच्या खापरपणजोबांनी सेलममध्ये चेटकिणी म्हणून माणसं फासावर पाठवण्यात हात रंगवले, आणि ज्याने त्या पापाची लाज उघडपणे आपल्या डोक्यावर घेतली, असा हा लेखक. अन्याय करणारे सज्जन न्यायाधीश त्याच्याइतके कोणी ओळखायला नकोत. पण कॉलेजपासूनचा त्याचा जिवलग मित्र होता पिअर्स. १८५२ च्या निवडणुकीसाठी त्याने पिअर्सचं चरित्र लिहिलं. त्यात गुलामगिरीबद्दल म्हटलं आहे की हे माणसाच्या खटपटींनी दूर होणारं दुरित नाही, ईश्वरी योजनेनुसार वेळ येईल तेव्हा ते स्वप्नासारखं विरून जाईल. निवडून आल्यावर पिअर्सने त्याला लिव्हरपूलला कॉन्सल नेमलं. बर्न्स प्रकरण घडत होतं तेव्हा तो तिथेच होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांची चूक दिसणं आणि आपल्या मित्राची तार वाचता येणं, या दोन वेगळ्या ताकदी असाव्यात.

मराठी वाचकाला इथे जोतीराव फुले आठवणारच. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल. ती अर्पणपत्रिका वाचताना माझ्या डोळ्यांपुढे लेनर्ड ग्राइम्स येतात, शनिवारी दारोदार हिंडणारे. तसे लोक होते. पण ते दीड हजार बंदुकांच्या गराड्यात होते.

बर्न्सला रिचमंडमधल्या लम्पकिनच्या तुरुंगात चार महिने हातापायांत बेड्या घालून एका कोंदट खोलीत ठेवलं. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या एका व्यापाऱ्याने त्याला ९०५ डॉलरला विकत घेतलं. त्याचा ठावठिकाणा कळल्यावर ग्राइम्सनी पुन्हा पैसे जमवले, १३०० डॉलर, आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये बाल्टिमोरला जाऊन त्याला सोडवून आणलं. बर्न्स ओबरलिन कॉलेजात शिकला. व्हर्जिनियातल्या ज्या बॅप्टिस्ट चर्चचा तो सभासद होता, त्यांच्याकडे त्याने सभासदत्वाचा दाखला मागितला. उत्तर आलं की मालकाकडून पळून देवाचा आणि माणसाचा कायदा मोडलास, म्हणून तुला बहिष्कृत केलं आहे. त्यावर त्याने दिलेलं उत्तर त्या सगळ्या वकिली युक्तिवादांपेक्षा सरस आहे : जन्मल्याबरोबर मला चोरून गुलाम केलं गेलं, तेव्हा पळण्याचा हक्क माझा होता. देवाने माझ्या काळजावर स्वातंत्र्याची ओढ लिहिली, तोच कायदा मी पाळला. कॅनडातल्या सेंट कॅथरिन्समध्ये पाद्री म्हणून काम करताना जुलै १८६२ मध्ये क्षयाने तो गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी.

मॅसॅच्युसेट्समधून परत पाठवलेला तो शेवटचा माणूस. १८५५ मध्ये राज्याने असा कायदा केला की पळालेल्यांना पकडून देण्याच्या कामात राज्याचा कोणी अधिकारी सामील होणार नाही. हार्वर्डच्या नियामक मंडळाने लॉरिंगना व्याख्यातेपद पुन्हा दिलं नाही. त्यांना न्यायाधीशपदावरून काढा, असे अर्ज विधिमंडळाकडे येऊन पडले. आणि त्या मागणीला विरोध करायला समितीपुढे उभे राहिले चक्क डेना. निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीश काढायचा नसतो, म्हणाले. ज्याचा अशील गेला, ज्याला २ जूनच्या रात्री रस्त्यात गाठून सोटा हाणला गेला, तो माणूस हे म्हणतो तेव्हा आदर वाटतो. तरी मी अर्जदारांच्या बाजूचा. राज्याच्या न्यायाधीशाने त्या नोकरीवर राहून केंद्राची ही दुसरी नोकरी पत्करली होती, आणि ती सोडायला कोणी मनाई केलेली नव्हती.

एका गव्हर्नरने ती मागणी फेटाळली, पुढच्याने, नॅथॅनियल बँक्सने, १८५८ मध्ये लॉरिंगना काढलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी त्यांना वॉशिंग्टनमध्ये कोर्ट ऑफ क्लेम्सवर बसवलं. सरकारकडून आपलं नुकसान झालं असं म्हणणाऱ्या लोकांचे दावे तिथे चालत. लॉरिंग त्या खुर्चीवर १८७७ पर्यंत होते.